औषध एक, वाटा अनेक

1968 साली मुंबई उच्च न्यायालयात एका गोळीवरून चाललेल्या खटल्याचा निकाल लागला. गोळीचं नाव टॉलब्युटामाइड. इंजेक्शन न टोचता तोंडाने घेता येणारं मधुमेहावरचं औषध म्हणून त्या काळात तिचा मोठा बोलबाला होता. वादी होती जर्मनीची होक्स्ट कंपनी आणि प्रतिवादी मुंबईची युनिकेम. युनिकेम ज्या पद्धतीने टॉलब्युटामाइड बनवत होती, ती पद्धत परळच्या हाफकिन संस्थेत शोधलेली होती. म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेने संशोधन केलं, खासगी कारखान्याने ते उचललं आणि रुग्णाच्या हाती गोळी पडली. सरकार आणि उद्योग यांनी मिळून काम करावं असं भाषणांत जे सांगितलं जातं, ते इथे प्रत्यक्ष घडलं होतं. आणि ते कोर्टात हरलं.

न्यायाधीशांचं चुकलं असं नाही. होक्स्टकडे पेटंट होतं, त्याची व्याप्ती भलीमोठी होती आणि कायदा 1911 चा, इंग्रजांच्या अमदानीतला होता. त्या कायद्यानुसार हाफकिनची वाट कितीही वेगळी असली तरी ती जिथे पोचत होती ते ठिकाण आधीच दुसऱ्याच्या नावावर झालेलं होतं. एका सरकारी संस्थेने दिलेलं सरकारच्याच कायद्याने काढून घेतलं. उद्योगाला धोरणाची साथ नाही असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पैशांबद्दल, करांबद्दल किंवा परवानग्यांबद्दल बोलत असतो. इथे पैसा होता, परवानगी होती, शास्त्रज्ञ होते. नडला तो कायद्यातला एक नियम. पुढच्या तीस वर्षांत भारताचा औषध उद्योग ज्या उंचीवर गेला, त्याची सुरुवात हा नियम बदलण्यातून झाली. म्हणून हे प्रकरण औषधांबद्दल आहे.

1911 च्या कायद्यात औषधाच्या पेटंटाची मुदत 16 वर्षांची होती. स्वातंत्र्य मिळाल्यावर या कायद्याचं काय करायचं याचा विचार करायला सरकारने दोन समित्या नेमल्या. आधी न्यायमूर्ती बक्षी टेकचंद यांची आणि मग 1957 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांची. अय्यंगारांनी 1959 मध्ये अहवाल दिला. सरकारी अहवाल बहुधा कपाटात राहण्यासाठी लिहिले जातात, हा त्याला सणसणीत अपवाद आहे. भारतात दिलेल्या पेटंटांपैकी 80 ते 90 टक्के परदेशी लोकांच्या हातात आहेत आणि त्यांतल्या 90 टक्क्यांहून अधिक पेटंटांचा भारतात उत्पादनासाठी उपयोगच होत नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. पेटंट हा एक सौदा असतो. संशोधकाने आपली युक्ती समाजाला सांगायची, समाजाने त्याला काही वर्षं मक्तेदारी द्यायची. इथे मक्तेदारी दिली जात होती, पण त्या बदल्यात कारखाना निघत नव्हता, कामगार शिकत नव्हते आणि औषधही स्वस्त होत नव्हतं. त्याच सुमारास अमेरिकेत सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली. काही औषधांच्या बाबतीत भारतातल्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींत बसतात, असं तिला आढळलं. गरीब देश, आणि भाव श्रीमंतांचा.

अय्यंगारांनी सुचवलेला उपाय त्यांच्या मनचा नव्हता. तो जर्मनीचा होता. जर्मनीत 1877 पासून रसायनांना फक्त प्रक्रियेचं पेटंट मिळत असे, पदार्थाचं नाही. आणि हा नियम तिथे 1968 पर्यंत टिकला. ज्या वर्षी होक्स्टने मुंबईत खटला जिंकला तेच हे वर्ष. स्वित्झर्लंडने औषधी पदार्थांना पेटंट द्यायला सुरुवात केली 1977 मध्ये, जपानने 1976 मध्ये. पुढे भारताला बौद्धिक संपदेवर प्रवचनं देणाऱ्या देशांतल्या बऱ्याच जणांचे स्वतःचे औषध कारखाने याच सवलतीच्या सावलीत वाढले होते.

पदार्थाचं पेटंट आणि प्रक्रियेचं पेटंट यांतला फरक एकदा नीट समजून घेऊ. मुंबईहून पुण्याला जायचं आहे. खंडाळ्याच्या घाटाचा रस्ता एखाद्याने बांधला असेल तर त्यावर त्याने टोल घ्यावा, हे प्रक्रियेचं पेटंट. मला तो टोल द्यायचा नसेल तर मी कल्याण-मुरबाडवरून माळशेज चढून जुन्नरमार्गे पुण्याला पोचेन. वेळ लागेल, पण कुणी अडवणार नाही. पदार्थाचं पेटंट म्हणजे पुण्यावरच मालकी. माळशेजने या, ताम्हिणीने या, वेशीवर पैसे त्याच माणसाला द्यायचे. युनिकेम अडली ती अशा वेशीवर.

नवा कायदा व्हायला मात्र अकरा वर्षं लागली. 1965 ला विधेयक मांडलं गेलं, लोकसभा विसर्जित झाली, ते बारगळलं. 1967 ला पुन्हा मांडलं. परदेशी कंपन्यांचा विरोध होता, तसा देशी कंपन्यांचा रेटाही होता. 1961 मध्ये स्थापन झालेली भारतीय औषध उत्पादकांची संघटना, 'आयडीएमए', यासाठी सतत दिल्लीच्या वाऱ्या करत राहिली. उद्योगाने सरकारकडे जाऊन काही मागणं यात लपवण्यासारखं काही नसतं. प्रश्न असतो तो काय मागितलं याचा. या संघटनेने एखाद्या कंपनीसाठी परवाना मागितला नाही, अनुदान मागितलं नाही. तिने नियम बदलून मागितला, तोही सगळ्यांसाठी. अखेर 1970 मध्ये पेटंट कायदा झाला आणि 20 एप्रिल 1972 पासून लागू झाला. अन्न, औषधं आणि रसायनं यांना पदार्थाचं पेटंट बंद झालं. अन्न आणि औषधांच्या प्रक्रियेच्या पेटंटाची मुदत ठरली अर्ज केल्यापासून सात वर्षं किंवा पेटंट मिळाल्यापासून पाच वर्षं, यांतली जी कमी असेल ती.

आता यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप. भारताने दुसऱ्यांची औषधं 'कॉपी' केली, यात कसलं कर्तृत्व? ज्याने एखाद्या बल्क ड्रगच्या, म्हणजे गोळीतलं मूळ औषधी द्रव्य बनवण्याच्या, प्लँटमध्ये आठवडाभर काढला आहे तो हा प्रश्न विचारणार नाही. औषधाचा रेणू कसा दिसतो हे कळणं सोपं असतं, ते प्रसिद्धच झालेलं असतं. तो रेणू शंभर ग्रॅमच्या काचपात्रात बनवणंही हुशार विद्यार्थ्याला जमतं. तो टनाने, दर बॅचला तसाच, परवडेल अशा खर्चात बनवणं हा वेगळा धंदा आहे.

समजा एखादं औषध दहा टप्प्यांत बनतं. प्रत्येक टप्प्यावर 90 टक्के उतारा मिळतो, म्हणजे दर वेळी दहावा हिस्सा वाया जातो. ऐकायला हे उत्तम वाटतं. पण दहा टप्प्यांनंतर हातात उरतो तो सुरुवातीच्या मालाचा अवघा 35 टक्के भाग. आता एखाद्या केमिस्टने तापमान थोडं बदलून, सॉल्व्हंट बदलून, दुसरा उत्प्रेरक वापरून प्रत्येक टप्प्याचा उतारा 95 टक्क्यांवर नेला, तर शेवटी 60 टक्के माल हाती येतो. तेवढ्याच कच्च्या मालातून जवळपास पावणेदोन पट औषध. दोन टप्पे गाळून आठ टप्प्यांचा रस्ता सापडला तर आणखी फायदा. वापरलेला सॉल्व्हंट ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरता आला तर आणखी. शिवाय अशुद्धी. मूळ रस्त्यात न येणारी एखादी नवीच अशुद्धी तुमच्या रस्त्यात उगवते. ती ओळखायची, मोजायची, काढायची. हे सगळं काम म्हणजे प्रक्रिया रसायनशास्त्र. नवा रेणू शोधण्याइतकी प्रतिष्ठा त्याला नाही आणि त्यावर कुणी नोबेल देत नाही, पण गोळीची किंमत ठरते ती तिथे.

1970 च्या कायद्याने नेमकं या कामाला बक्षीस लावलं. औषध कुणाचंही असो, ते बनवण्याचा नवा आणि स्वस्त रस्ता शोधणाऱ्याला बाजार मोकळा. आणि हा बाजार एकासाठी नव्हे तर कुणासाठीही मोकळा होता. एका कंपनीने रस्ता शोधला की सहा महिन्यांत दुसरी त्याहून स्वस्त रस्ता शोधून हजर. या चढाओढीमुळेच संरक्षण मिळूनही उद्योग सुस्तावला नाही. त्याच काळात मोटारींना आणि स्कूटरींनाही संरक्षण होतं. तिथे गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसे, कारण परवाने मोजक्यांना होते. औषधांत परवान्यांचा जाच नव्हता असं नाही, पण देशभर छोट्या-मोठ्या हजारो कंपन्या उभ्या राहिल्या.

कायद्याने दार उघडलं, पण आत जायला माणसं कुठून आली? सरकारने ती आधीच तयार करून ठेवली होती, काहीशी वेगळ्याच हेतूने. माटुंग्याचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, सगळ्यांच्या तोंडचा 'यूडीसीटी', 1933 पासून मुंबई विद्यापीठात चालू होता. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, म्हणजे एनसीएलचं, उद्घाटन 3 जानेवारी 1950 रोजी नेहरूंच्या हस्ते झालं होतं. पिंपरीला 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स उभी राहिली. आज लाखो लोकांची वस्ती असलेल्या त्या भागात तेव्हा माळरान होतं, आणि त्या परिसरात मोठी कारखानदारी येण्याच्या आधी तिथे पेनिसिलीन तयार होत होतं. 1961 मध्ये सोव्हिएत मदतीने आयडीपीएल निघाली. ऋषिकेशला प्रतिजैविकं, हैदराबादला संश्लेषित औषधं.

या सार्वजनिक कंपन्यांचा ताळेबंद पाहिला तर त्या फसल्या असंच म्हणावं लागेल. आयडीपीएल 1992 मध्ये आजारी उद्योग जाहीर झाली, हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स 1997 मध्ये. पण त्यांचं एक उत्पादन ताळेबंदात कधी आलंच नाही, ते म्हणजे तिथून बाहेर पडलेली माणसं. आंध्रातल्या ताडेपल्लीच्या हळद-शेतकऱ्याचा मुलगा के. अंजी रेड्डी माटुंग्याला यूडीसीटीत शिकला, पुण्याला एनसीएलमध्ये पीएच.डी. केली, हैदराबादच्या आयडीपीएलमध्ये नोकरी केली, बाहेर पडून उद्योगात हात पोळून घेतले आणि 1984 मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज काढली. हैदराबाद आज बल्क ड्रगची राजधानी समजली जाते. तिथल्या अनेक कंपन्यांच्या पहिल्या फळीत आयडीपीएलमध्ये घडलेले लोक होते. हे कुठल्या पंचवार्षिक योजनेत लिहिलेलं नव्हतं. हवी तशी औषधं पुरेशा प्रमाणात न बनवू शकलेल्या सरकारी कारखान्याने औषधं बनवणारे लोक मात्र भरपूर बनवले.

आणि तरीही सरकार आणि उद्योग यांचं सूत जमलं होतं असं मुळीच नाही. पेटंटाचा कायदा ज्या वर्षी झाला त्याच 1970 मध्ये सरकारने औषध किंमत नियंत्रण आदेशही काढला. एका हाताने दार उघडलं, दुसऱ्या हाताने मानगूट धरली. 1979 च्या आदेशात 347 बल्क ड्रगच्या किमती सरकार ठरवू लागलं. 1987 मध्ये हा आकडा 142 वर आला, 1995 मध्ये 75 च्या आसपास. कंपन्या ओरडत राहिल्या, कोर्टात जात राहिल्या आणि ज्या औषधांवर नियंत्रण नाही तिकडे वळत राहिल्या. जीवनसत्त्वं आणि खोकल्याची औषधं यांचा आपल्या बाजारात जो सुकाळ आहे त्याचं मूळ काही अंशी इथेही आहे. पण नियंत्रणाचा दुसरा परिणाम कुणी ठरवून केलेला नसावा. भाव वाढवून नफा काढण्याची सोयच उरली नाही, तेव्हा खर्च कमी करून नफा काढायची सवय लागली. वर उताऱ्याचं जे गणित मांडलं ते भारतीय कंपन्यांनी इतक्या जिद्दीने सोडवलं, कारण दुसरा मार्ग नव्हता. पुढे परदेशी बाजारात उतरल्यावर हीच सवय त्यांचं भांडवल ठरली.

1973 चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे फेरा, त्यात आणखी भर घालणारा होता. परदेशी भागभांडवल 40 टक्क्यांवर आणा. ज्यांना जास्त ठेवायचं आहे त्यांनी नुसत्या गोळ्या विकू नका, बल्क ड्रगही इथे बनवा, असा त्याचा औषधांपुरता रोख. 1970 च्या सुमारास देशाच्या औषध बाजारातला साधारण दोन-तृतीयांश वाटा बहुराष्ट्रीय कंपन्यांकडे होता. 2004 पर्यंत तो एक-चतुर्थांशाच्याही खाली गेला.

महाराष्ट्र सरकारचं योगदान यात जमिनीचं, पाण्याचं आणि रस्त्यांचं. 1962 मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने तारापूर, अंबरनाथ, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ अशा ठिकाणी रासायनिक वसाहती आखल्या आणि मुंबईतल्या कंपन्यांना प्लँट टाकायला जागा मिळाली. या वसाहतींचं सांडपाणी खाडीत आणि नदीत गेलं, त्याची किंमत मात्र गोळीच्या किमतीत कधीच धरली गेली नाही. ती मच्छीमारांनी आणि खालच्या अंगाच्या गावांनी भरली. हैदराबादजवळ पाटणचेरूला तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. स्वस्त औषधाचं कौतुक करताना हा खर्च मी वजा करत नाही, कारण तो करायचा कसा हे त्या काळच्या धोरणकर्त्यांनी आपल्यापुढे ठेवलेलंच नाही.

मग 1984 मध्ये अमेरिकेने एक कायदा केला. भारताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हॅच आणि वॅक्समन या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाने तो ओळखला जातो. पेटंट संपलेल्या औषधाची जेनेरिक आवृत्ती आणायची तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून करायची गरज नाही. आपली गोळी शरीरात मूळ गोळीइतकीच आणि तितक्याच वेगाने शोषली जाते हे सिद्ध करा, पुरे. शिवाय एखाद्या पेटंटाला सर्वांत आधी आव्हान देणाऱ्या जेनेरिक कंपनीला 180 दिवसांची खास मुभा. अमेरिकेला स्वस्त गोळ्या हव्या होत्या. स्वस्त गोळी बनवण्याची तालीम बारा वर्षं झालेला एक देश तयारच बसला होता. भारतीय औषध निर्यातीच्या कथेत नशिबाचा भाग किती, असं विचारलं तर मी या कायद्याकडे बोट दाखवीन. पण दोन वेगळ्या देशांच्या कायद्यांमधली ही फट ओळखून तिथे पोचलेले उद्योजक होते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तपासणीत उत्तीर्ण होतील असे प्लँट बांधायची जोखीम त्यांनी स्वतःच्या पैशावर घेतली. आज अमेरिकेबाहेर त्या प्रशासनाची मान्यता असलेले सर्वाधिक कारखाने भारतात आहेत, आणि संख्येने पाहिलं तर जगातल्या जेनेरिक औषधांचा साधारण पाचवा हिस्सा इथून जातो.

या सगळ्याचा कळस झाला तो एड्सच्या औषधांत. मुंबई सेंट्रलला ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 मध्ये स्थापन केलेली सिप्ला. गांधीजी 1939 मध्ये तिथे येऊन गेले होते. ख्वाजा हमीद यांचे चिरंजीव युसुफ हमीद केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ. हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत ए. व्ही. रामा राव यांनी झिडोव्ह्युडिन या औषधाची प्रक्रिया बसवली (हे रामा राव त्याआधी पुण्याच्या एनसीएलमध्ये अनेक वर्षं होते) आणि सिप्लाने 1993 मध्ये ते बाजारात आणलं. सरकारी प्रयोगशाळा, खासगी कारखाना: टॉलब्युटामाइडची तीच जोडी, आणि आता कायदा आड नव्हता. पण विकत कोण घेणार? ज्यांना रोग झाला होता त्यांच्यापाशी पैसा नव्हता आणि सरकारी एड्स मोहिमेचा भर जागृतीवर, प्रतिबंधावर होता. प्रयोगशाळा आहे, कारखाना आहे, अनुकूल कायदा आहे, तरीही औषध रुग्णापर्यंत पोचलं नाही, कारण सरकारने गिऱ्हाईक व्हायचं ते झालं नाही. सरकारी एड्स केंद्रांतून मोफत औषधोपचार सुरू झाला तो 1 एप्रिल 2004 रोजी. मधली अकरा वर्षं भरून येणारी नाहीत.

मधल्या काळात सिप्लाने जगाला चकित केलं. एचआयव्हीला आवर घालायला तीन औषधं एकत्र द्यावी लागतात. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधं तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेटंटांखाली होती. त्यामुळे श्रीमंत देशांत तिन्ही एकाच गोळीत घालायची म्हटली तर तीन प्रतिस्पर्ध्यांचं एकमत व्हावं लागलं असतं. भारतात पदार्थाचं पेटंटच नव्हतं. सिप्लाने तिन्ही औषधं एका गोळीत घातली, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. फेब्रुवारी 2001 मध्ये युसुफ हमीद यांनी हा उपचार 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला दरडोई वर्षाला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. तेव्हा पाश्चात्त्य देशांत याच उपचाराला वर्षाला 10 ते 15 हजार डॉलर पडत. पुढच्या काही वर्षांत आफ्रिकेत लाखो लोकांना उपचार मिळू लागले, त्यांतली बहुतांश औषधं भारतातून जात होती.

तोवर घड्याळ उलटं फिरू लागलं होतं. 1995 मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेत आला आणि दहा वर्षांत पदार्थाचं पेटंट परत आणायचं बंधन आलं. 2005 मध्ये कायदा बदलला. पण बदलताना संसदेने कलम 3(ड) घातलं: जुन्याच औषधाचं किरकोळ रूप बदलून, परिणामकारकता न वाढवता, नवं पेटंट मागता येणार नाही. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाचं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी नाकारलं ते याच कलमाच्या आधारे. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च 2012 मध्ये, बायरचं नेक्साव्हार हे कर्करोगावरचंच औषध पेटंट असतानाही बनवण्याचा सक्तीचा परवाना नॅटको कंपनीला दिला गेला होता. महिन्याचा खर्च 2 लाख 80 हजार रुपयांवरून 8,800 वर आला, आणि नॅटकोने बायरला 6 टक्के स्वामित्वधन द्यायचं ठरलं. नियम गेला तरी त्याच्या सावलीत घडलेली क्षमता टिकली, आणि उरलेल्या फटींतूनही तिने मार्ग काढला. देशाची औषध निर्यात 2024-25 मध्ये 30 अब्ज डॉलरच्या वर गेली.

याच्या शेजारी एक दुसरं धोरण ठेवून पाहण्यासारखं आहे. 2003 मध्ये केंद्र सरकारने हिमाचल प्रदेश आणि उत्तरांचलातल्या नव्या कारखान्यांना दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ केलं, पाच वर्षं आयकरही माफ. सोलन जिल्ह्यातलं बद्दी बघता बघता औषधांचं गाव झालं. मुंबई-ठाणे परिसरातल्या अनेक कंपन्यांनी गोळ्या पाडण्याचं आणि पॅक करण्याचं काम तिकडे हलवलं. हिमाचलला रोजगार मिळाला, ही वस्तुस्थिती आहे. पण आधी न येणारी कोणती गोष्ट देशाच्या औषध उद्योगाला त्यातून येऊ लागली? माझ्या मते फारशी कुठली नाही. कारखान्याचा पत्ता बदलला. 1970 च्या कायद्यात सरकारच्या खिशातून रुपया गेला नाही आणि कौशल्य वाढलं. बद्दीच्या सवलतीत तिजोरीतला पैसा गेला आणि जे कौशल्य होतं तेच दुसऱ्या राज्यात गेलं. ज्या राज्यांत औषध तपासनीस पुरेसे नाहीत तिथे कारखाने एकदम वाढले की गुणवत्तेचं काय होतं, हाही प्रश्न आहेच. 2022 मध्ये गाम्बियातल्या बालमृत्यूंच्या संदर्भात हरियाणातल्या एका कंपनीच्या सिरपांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला तेव्हा भारतीय तपासणी यंत्रणेकडे सगळ्या जगाचं लक्ष गेलं. स्वस्त बनवायला उत्तेजन देणारं सरकार चांगलं बनतं की नाही हे पाहण्यात मात्र वर्षानुवर्षं कमी पडलं.

आणि मग चीन. ज्या पेनिसिलीनपासून देशाच्या औषध उद्योगाची घडी बसू लागली, ते पेनिसिलीन-जी भारतात बनणंच थांबलं. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन ही रोजच्या वापरातली औषधं त्याच्यापासून बनतात. ते बुरशीच्या किण्वनातून मिळतं. त्याला अजस्र टाक्या, साखर, वाफ आणि दिवसरात्र वीज लागते. इथे रसायनशास्त्रातली हुशारी कमी कामाला येते, विजेचा दर जास्त. 1990 नंतर आयात शुल्कं उतरली, चिनी माल इथल्या उत्पादन खर्चापेक्षा कमी भावात येऊ लागला आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांनी, प्रत्येकीने आपापल्या हिताचा अगदी बरोबर निर्णय घेऊन, तो विकत घेतला. देशी बल्क ड्रगवरची किंमत नियंत्रणं काही औषधांत तशीच होती, त्यामुळे बनवणाऱ्याला दुहेरी मार. आज भारत जे बल्क ड्रग आयात करतो त्यांतला साधारण दोन-तृतीयांश माल चीनमधून येतो. काही प्रतिजैविकांच्या कच्च्या मालात तर जवळपास सगळाच.

हे कुणाच्या नजरेतून सुटलं होतं असं नाही. पण 2020 च्या सुरुवातीला कोविडमुळे चिनी बंदरं अडकली तेव्हा ते अंगावर आलं. मार्चमध्ये केंद्राने बल्क ड्रगसाठी 6,940 कोटी रुपयांची उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना मंजूर केली. जुन्या सवलतींपेक्षा तिची आखणी बरी आहे: कारखाना बांधला म्हणून पैसे नाहीत, माल विकला तर विक्रीच्या प्रमाणात पैसे. 2024 मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ अरबिंदो फार्माच्या उपकंपनीचा पेनिसिलीन-जीचा प्रकल्प सुरू झाला, आणि बऱ्याच वर्षांनी हा पदार्थ पुन्हा देशात मोठ्या प्रमाणावर बनू लागला.

किण्वनावर आधारित औषधांना या योजनेत पहिली चार वर्षं, म्हणजे 2026-27 पर्यंत, विक्रीच्या 20 टक्के प्रोत्साहन आहे. पाचव्या वर्षी 15 टक्के, सहाव्या वर्षी 5 टक्के, आणि 2028-29 नंतर काही नाही. मुदत घातली हे योग्यच केलं. मुदत नसलेली मदत खोड होऊन बसते. पण 1972 मध्ये ज्या कंपन्यांना मोकळीक मिळाली त्यांच्यासमोर उतारा वाढवण्याचं गणित होतं, आणि ते डोक्याने सुटणारं होतं. काकीनाड्याच्या टाक्यांसमोरचं गणित विजेच्या दराचं, साखरेच्या भावाचं आणि बुरशीच्या चांगल्या वाणाचं आहे. यांतला वाण संशोधनाने सुधारता येतो, आणि त्या कामाला पुण्या-हैदराबादच्या प्रयोगशाळा अजूनही आहेत. वीज राज्य सरकारच्या हातात आहे. आणि माल शेवटी ज्यांनी घ्यायचा त्या गोळ्या बनवणाऱ्या भारतीय कंपन्याच आहेत. त्यांची खरेदी खाती दर महिन्याला चीनचा भाव आणि काकीनाड्याचा भाव शेजारी शेजारी मांडून बघतात, आणि किलोमागे काही रुपयांचा फरक पडला की ऑर्डर कुठे जाते हे 1990 नंतरच्या दशकांत एकदा दिसून चुकलं आहे.